आजोबांची मेडलं, मेपलचं पान आणि ऑटवातला अकरा नोव्हेंबर

कॅनडाला जायचं म्हटल्यावर सगळे विचारतात नायगारा बघितला का. बघितला, सुंदरच आहे, पण त्याच्यावर इतकं लिहून झालंय की मी वेगळं काय लिहिणार. मी भावाला तिकीट काढायच्या आधीच फोनवर सांगितलं होतं, येईन तर नोव्हेंबरात येईन आणि अकरा तारखेला, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला, मला राजधानीत, ऑटवात असायचंय. तो म्हणाला अगं पानगळ संपलेली असते, बर्फ अजून सुरू झालेला नसतो, नुसता करडा चिखल असतो, लोक ह्या महिन्यात इथून पळून जातात. म्हटलं असू दे.

कारण आजोबा. आमच्या सातारा भागात घराघरात कुणीतरी फौजेत असतंच, आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांची मेडलं कपाटात होती, दोन स्टार आणि एक गोल वॉर मेडल, रिबिनी विटलेल्या. ती कधी कुणी भिंतीवर लावली नाहीत. आजोबा स्वतःच म्हणायचे, "राजाची आहेत, आपल्या झेंड्याची नव्हेत." पंधरा ऑगस्टला गावात झेंडावंदनाला ते न चुकता जायचे, पण मेडलं लावून कधीच नाही. मला हे लहानपणापासून टोचायचं. माणूस तोच, जखम तीच, मग मेडल का लपवायचं? नंतर कधीतरी वाचनात आलं की कॅनडाचे सैनिकसुद्धा दोन्ही महायुद्धं दुसऱ्याच झेंड्याखाली लढले आणि 1965 मध्ये त्यांनी झेंडा बदलला, आणि त्यावरून देशात मोठं भांडण झालं. तेव्हापासून डोक्यात होतं की त्यांनी ह्या सगळ्याचं काय केलं ते जाऊन बघायचं.

आठ नोव्हेंबर – किचनर आणि ग्वेल्फ

सुरुवात भावाच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरच झाली. किचनरच्या माउंट होप सिमेट्रीत प्रायव्हेट बुक्कम सिंग यांची कबर आहे. पाऊस भुरभुरत होता, ओली पानं बुटाला चिकटत होती, आणि आम्ही छत्री सांभाळत ओळीओळीने शोधत होतो. शेवटी लांबूनच कळलं, कारण त्या एकाच दगडाजवळ छोटे झेंडे आणि पॉपीची, म्हणजे सैनिकांच्या आठवणीसाठी कोटावर लावायची खोटी लाल फुलं जास्त होती.

बुक्कम सिंग मूळचे पंजाबातल्या माहिलपूरचे. 1907 मध्ये पोरवयातच ब्रिटिश कोलंबियात आले, पुढे ऑन्टारिओत, आणि 1915 मध्ये कॅनडाच्या फौजेत भरती झाले. हे साल बघा. आदल्याच वर्षी, 1914 मध्ये भारतीयांना घेऊन आलेलं कोमागाटा मारू जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवलं होतं. म्हणजे ज्या देशात त्यांना मत नव्हतं, बायकोला गावाहून आणायला कायदा आड येत होता, त्या देशासाठी हा माणूस बेल्जियमकडे, फ्लँडर्सच्या आघाडीवर गेला. 1916 मध्ये दोनदा जखमी झाला, मग क्षयाने ग्रासला आणि 27 ऑगस्ट 1919 ला इथे किचनरच्याच लष्करी इस्पितळात वारला. जवळ कुणी नातेवाईक नव्हतं, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं कुणाला काही माहीतही नव्हतं.

ते कळलं एका मेडलमुळे. 2007 मध्ये संदीप सिंग ब्रार या इतिहास-संशोधकांना इंग्लंडमधल्या एका दुकानात पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल मिळालं. त्या काळच्या मेडलांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात ना तिथे, सैनिकाचा नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असायची. कडेवर नाव होतं बी. सिंग. त्या कडेवरून कागदपत्रं, कागदपत्रांवरून ही कबर. आता दरवर्षी नोव्हेंबरात इथे शीख समाजाचा मोठा कार्यक्रम होतो, गणवेशातले लोक येतात.

आम्ही गेलो तेव्हा एक सरदारजी काका नातवाला घेऊन आले होते. नातू असेल आठ-नऊ वर्षांचा, त्याने खिशातून पॉपी काढली आणि दगडासमोर मातीत खोचली, ती वाऱ्याने आडवी झाली, परत खोचली, परत आडवी झाली, मग त्याने शेजारचा एक खडा उचलून त्यावर ठेवला. काका म्हणाले, "शाळेत ह्याला विचारतात तुझे लोक इथे कधी आले, म्हणून दाखवायला आणतो." मी पर्समधून चपटी डबी काढून आजोबांची मेडलं दाखवली. काकांनी नुसता हात लावला आणि तो कपाळाला लावला. पुढे काही बोलले नाहीत.

दुपारी ग्वेल्फ. अर्ध्या तासाचा रस्ता. जॉन मॅक्रे यांचं जन्मघर तिथे म्युझियम म्हणून जपलंय, छोटं दगडी घर आहे. हे मॅक्रे म्हणजे डॉक्टर आणि तोफखान्यातले अधिकारी, 1915 च्या मे महिन्यात मित्राला पुरल्यावर त्यांनी ती पॉपीच्या फुलांवरची कविता लिहिली, जिच्यामुळे आज सगळे छातीवर लाल फूल लावतात. आणि योगायोग बघा, बुक्कम सिंग जखमी झाले तेव्हा एकदा त्यांच्यावर उपचार झाले ते मॅक्रे काम करत होते त्याच फ्रान्समधल्या कॅनेडियन हॉस्पिटलात. सकाळी एकाची कबर, दुपारी दुसऱ्याचं घर, आणि मधे फक्त एक शेतातून जाणारा रस्ता.

मॅक्रेंची मेडलंही ह्याच घरात आहेत. 1997 मध्ये ती लिलावात निघाली होती, बाहेर देशात जातील की काय अशी भीती होती. टोरांटोचे व्यावसायिक आर्थर ली यांनी ती 4 लाख डॉलरला घेतली आणि सरळ म्युझियमला देऊन टाकली. काचेमागची ती मेडलं बघताना मला त्या ली साहेबांचंच जास्त कौतुक वाटत होतं.

टीप: दोन्ही ठिकाणं एका दिवसात आरामात होतात. म्युझियमच्या वेळा हिवाळ्यात बदलतात, आधी बघून जा. आणि ह्या दिवसात पाचलाच अंधार पडायला लागतो, तेव्हा स्मशानभूमी सकाळीच करा.

रात्री भावाच्या घरी मी आजोबांचं वॉर मेडल दिव्याखाली धरलं. इतकी वर्षं घरात होतं पण कड कधी नीट बघितलीच नव्हती. बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, आणि शेवटी मराठाचं संक्षिप्त रूप. वहिनीने मोबाईलच्या टॉर्चने फोटो काढला आणि आईला पाठवला. तिकडे पहाट झालेली, आईचा लगेच फोन.

नऊ नोव्हेंबर – 401 हायवे आणि किंग्स्टन

सकाळी सातला निघालो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी साताऱ्याहून आणलेली, कॉफी वाटेत टिम हॉर्टन्सची, डबल-डबल म्हणजे दोन क्रीम दोन साखर. गोड आहे पण थंडीत बरी वाटते.

टोरांटो मागे पडलं की 401 वर लाल पॉपीच्या खुणेचे बोर्ड दिसायला लागतात, हायवे ऑफ हिरोज. अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांचे मृतदेह ट्रेंटनच्या विमानतळावर उतरायचे आणि तिथून गाड्यांचा ताफा टोरांटोला यायचा. कुणी हाक दिली नव्हती, पण लोक आपापल्या गावाजवळच्या पुलांवर झेंडे घेऊन उभे राहायला लागले. अग्निशमन दलाचे बंब, शाळेची मुलं, म्हातारी माणसं, उन्हात पावसात. 2007 मध्ये सरकारने रस्त्यालाच ते नाव दिलं. त्या मोहिमेत कॅनडाचे 158 सैनिक मृत्युमुखी पडले. प्रत्येक पुलाखालून जाताना मी वर बघत होते. भाऊ म्हणाला, तो नवीन आला तेव्हा एकदा ट्रॅफिक थांबला, तो वैतागला, आणि मग वर बघितलं तर पूल माणसांनी भरलेला. तोही गाडीतून उतरून उभा राहिला.

किंग्स्टनला पोचलो तर तळ्यावरून असा वारा की गाडीचं दार उघडेना. इथलं रॉयल मिलिटरी कॉलेज 1876 पासूनचं. आणि आजच्या कॅनडाच्या झेंड्याचं मूळ ह्याच आवारात आहे. आम्ही कमानीपासून चालत आत गेलो, जुन्या मॅकेन्झी बिल्डिंगच्या मनोऱ्यावर कॉलेजचा झेंडा फडफडत होता, लाल, पांढरा, लाल, मधे कॉलेजचं चिन्ह.

गोष्ट अशी. झेंडा कसा असावा यावर खासदार जॉन मॅथेसन काम करत होते, त्यांचे परिचित जॉर्ज स्टॅन्ली ह्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक आणि डीन होते. स्टॅन्लींनी मॅथेसनना हा मनोऱ्यावरचा झेंडाच दाखवला, की हे लाल-पांढरं-लाल घ्या, मधे मेपलचं एक पान ठेवा. 23 मार्च 1964 ला त्यांनी तसं पत्रही लिहिलं. त्यात त्यांचा आग्रह होता की झेंडा साधा असावा आणि देशातल्या लोकांमध्ये फूट पाडणारी चिन्हं त्यात नसावीत. म्हणजे ब्रिटिशांचा युनियन जॅकही नको आणि फ्रेंचांचं लिलीचं फूलही नको. इतिहासाच्या मास्तरने असं सांगावं ह्याचं मला फार वाटलं, कारण इतिहास शिकवणारी माणसं बहुतेक वेळा जुनं काही सोडायला तयार नसतात.

तिथे एक तरुण कॅडेट मुलगी भेटली, गालाला वारा लागून लाल झालेली. आम्ही वर बघत उभे आहोत हे पाहून स्वतःच थांबली. म्हणाली पहिल्या वर्षाला सगळ्यांना ही गोष्ट सांगतात, पण परीक्षेच्या काळात मनोऱ्याकडे बघायला वेळ कुणाला. मी भारतातून आलेय म्हटल्यावर विचारलं, तुमचा झेंडा कधीचा? म्हटलं 22 जुलै 1947, स्वातंत्र्याच्या आधीच ठरला. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आमच्यापेक्षा सीनिअर." खरंच की, आपला तिरंगा त्यांच्या पानापेक्षा साडेसतरा वर्षांनी मोठा आहे!

टीप: हे कॉलेज चालू लष्करी संस्था आहे, पाट्या वाचा, फोटो काढायच्या आधी विचारा. समोरच्या फोर्ट हेन्रीच्या टेकडीवरून सगळं आवार, खाडी आणि मनोरा एका नजरेत दिसतो. उन्हाळ्यातले कार्यक्रम तेव्हा नसतात पण टेकडीवर जायला काही अडत नाही. कानटोपी हवीच, स्कार्फने भागत नाही.

दहा नोव्हेंबर – ऑटवा, वॉर म्युझियम

हॉटेलचं बुकिंग वगैरे भावाने केलेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त अकरा तारखेसाठी महिना-दीड महिना आधी करा.

कॅनेडियन वॉर म्युझियम 2005 मध्ये उघडलं, 8 मे ला, युरोपातल्या विजयाला बरोबर साठ वर्षं झाली त्या दिवशी. इमारत रेमंड मोरियामा यांची. हे जपानी वंशाचे कॅनेडियन, दुसऱ्या महायुद्धात लहान असताना त्यांना कुटुंबासकट छावणीत डांबलं होतं, कॅनडाच्याच सरकारने. त्याच माणसाने देशाचं युद्ध-स्मारक बांधलं. जमिनीतून उगवल्यासारखी बुटकी काँक्रीटची इमारत आहे, वर गवत वाढलेलं, भिंती तिरक्या, आत शिरल्यावर जरा तोल गेल्यासारखं होतं. शिखरावरच्या बारीक खिडक्या म्हणजे मोर्स कोडमधली वाक्यं आहेत, आपण विसरायचं नाही अशा अर्थाची, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये.

आत एक मेमोरियल हॉल आहे. रिकामी खोली, उंच भिंती, मधे पाण्याचा छोटासा चौकोन आणि भिंतीत एकच कबरीचा दगड. तो दगड फ्रान्समधल्या एका अनामिक कॅनेडियन सैनिकाचा आहे. त्या सैनिकाचे अवशेष 2000 मध्ये इथे आणून शहरातल्या स्मारकासमोर ठेवले, आणि दगड ह्या खोलीत लावला. इमारतीची एक खिडकी अशी कापली आहे की 11 नोव्हेंबरला सकाळी अकराला सूर्याची तिरीप बरोबर त्या दगडावर पडते. ते बघायला उद्या इथे यायचं की स्मारकाजवळ जायचं यावर आमचा बराच खल झाला, शेवटी स्मारक ठरलं.

कॅनडाच्या सैनिकांच्या कबरींवर, पहिल्या महायुद्धापासून, मेपलचं पान कोरलेलं असतं. टोपीच्या बिल्ल्यांवरही तेच पान. म्हणजे झेंड्यावर यायच्या आधी पन्नास वर्षं ते पान सैनिकांच्या डोक्यावर आणि थडग्यावर होतं. हे कळल्यावर 1964 चं भांडण मला नीट समजलं.

तेव्हा वापरात होता रेड एन्साइन, लाल कापड, कोपऱ्यात युनियन जॅक आणि उजवीकडे कॅनडाची ढाल. पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांना तो बदलायचा होता. 1956 च्या सुएझ पेचात कॅनडाचे शांतिसैनिक पाठवायचं ठरलं तेव्हा इजिप्तने हरकत घेतली होती, तुमचा झेंडा आणि गणवेश तर आमच्यावर हल्ला करणाऱ्या ब्रिटिशांसारखाच दिसतो म्हणून. पिअरसनना पुढे त्याच कामासाठी नोबेल मिळालं, पण ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली असणार. 17 मे 1964 ला ते विनिपेगला गेले, माजी सैनिकांच्या रॉयल कॅनेडियन लीजनच्या अधिवेशनात, आणि नवा झेंडा आणणार असं तोंडावर सांगितलं. हुर्यो उडवली लोकांनी. स्वतः पहिल्या महायुद्धात जाऊन आलेला माणूस, सांगत होता की आपण सगळे, कुठल्याही वंशाचे असलो तरी, त्या पानाचा बिल्ला लावून लढलो. पण समोरच्यांना आठवत होते ते रेड एन्साइनमध्ये गुंडाळलेले मित्र. मला दोन्ही बाजूंचं पटतं.

मग पंधरा खासदारांची समिती बसली, हजारो चित्रं आली, बीव्हर असलेली, ध्रुवतारा असलेली, काय काय. पिअरसनना स्वतःला तीन पानं आणि दोन्ही बाजूंना निळे पट्टे हवे होते. विरोधकांना वाटलं सरकारी सदस्य त्यालाच मत देणार, म्हणून त्यांनी एका पानाला मत दिलं, आणि सरकारी सदस्यांनीही एका पानालाच दिलं. 22 ऑक्टोबरला 14 विरुद्ध 0. संसदेत मात्र चर्चा संपेना, शेवटी 15 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मतदान झालं, 163 विरुद्ध 78. पानाचं शेवटचं रेखाटन जाक सँ-सीर यांचं, अकरा टोकांचं. आणि नमुन्याचे झेंडे घाईत रात्री घरच्या शिलाई मशीनवर शिवले जोन ओमॅली नावाच्या तरुणीने, तिचे वडील सरकारी खात्यात होते म्हणून तिच्या गळ्यात ते काम पडलं. 15 फेब्रुवारी 1965 ला दुपारी बाराला संसदेसमोर जुना उतरला, नवा चढला.

विरोधी नेते डीफेनबेकर शेवटपर्यंत रेड एन्साइनच्या बाजूने होते. 1979 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीवर दोन्ही झेंडे होते, पान असलेला आणि त्यावर रेड एन्साइन. देशाने ते मान्य केलं, मला हे फार मोठं वाटतं.

पदकांचंही तसंच. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक ब्रिटिशांचं, 1993 मध्ये कॅनडाने स्वतःचं केलं. दिसायला जवळजवळ तेच, पण खालचा मजकूर लॅटिनमध्ये, म्हणजे इंग्रजी मोठी की फ्रेंच हा वादच नको. धातूत जुन्या तोफेचा अंश आहे आणि कॅनडाच्या सगळ्या भागांतून आणलेला धातूही मिसळलाय. अफगाणिस्तानातल्या लढाईतही ते कुणाला दिलं गेलं नाही, इतकी त्याची अट कडक.

दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात ऑर्टोनाच्या लढाईचा भाग आहे, तिथे मी बराच वेळ थांबले. डिसेंबर 1943, इटलीचा पूर्व किनारा, मोरो नदी. समुद्राच्या बाजूला पहिली कॅनेडियन डिव्हिजन आणि शेजारी डोंगराच्या बाजूला आठवी भारतीय डिव्हिजन, म्हणजे आजोबांची. त्या नदीवर भारतीय सॅपर्सनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या जवानांनी, एक पूल बांधला. आपल्या काठावर रस्त्याचं वळण इतकं अवघड की तिकडून पूल बांधणं शक्यच नव्हतं, म्हणून सामान घेऊन शत्रूच्या काठावर गेले आणि तिकडून इकडे उलटा बांधत आले. नावच पडलं इम्पॉसिबल ब्रिज. आजोबा इटलीबद्दल एकच सांगायचे, "चिखल फार होता." फोटोत बघितला मी तो चिखल, ट्रकचं चाक अर्धं बुडालेलं.

संध्याकाळी शवर्मा. ऑटवा त्यासाठी प्रसिद्ध आहे, गल्लोगल्ली लेबनीज दुकानं. सलगमाचं गुलाबी लोणचं आणि लसणीची पांढरी चटणी, थंडीत कुडकुडून आल्यावर स्वर्ग. दुकानदाराने भावाच्या जॅकेटवरची पॉपी सुटत आलेली बघून स्वतः नीट लावून दिली.

अकरा नोव्हेंबर

मेडलं लावायची का हा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात नातवंडं आजोबांची मेडलं उजव्या बाजूला लावतात, फोटो बघितलेले. म्हणून मी पॉपीच्या टेबलावरच्या लीजनच्या बाईंना आदल्या दिवशीच विचारलं. त्या म्हणाल्या इथे नाही चालत, कायद्यात गुन्हा आहे. ज्याने मिळवलं त्यानेच लावायचं, डावीकडे, त्याच्यानंतर कुणीच नाही. अपवाद एकच, मेमोरियल क्रॉस, ज्याला सगळे सिल्व्हर क्रॉस म्हणतात. तो 1919 पासून मृत सैनिकाच्या आईला आणि विधवेला द्यायचे, आता सैनिक स्वतः आधीच नावं लिहून ठेवतो कुणाला द्यायचा ते. जांभळी रिबीन, मागे गेलेल्याचं नाव कोरलेलं. तो मात्र घरच्यांनी लावायचा. मला आधी वाईट वाटलं, मग पटलं. डबी पर्समध्येच राहिली.

सकाळी नऊलाच जाऊन उभे राहिलो. उणे दोन, पण कोरडं ऊन. नॅशनल वॉर मेमोरियल 1939 च्या मे महिन्यात सहाव्या जॉर्जने उघडलं, पहिल्या युद्धाची आठवण म्हणून, आणि तीन-चार महिन्यांत दुसरं सुरू झालं. मोठी ग्रॅनाइटची कमान, तिच्यातून काशाचे बावीस सैनिक, नर्स, घोडे वाट काढत पुढे येताहेत. समोर अनामिक सैनिकाची समाधी. 2014 च्या ऑक्टोबरात इथेच पहाऱ्यावर असलेल्या कॉर्पोरल नेथन सिरिलोला गोळी घातली होती.

हळूहळू रस्ता भरला. लहान मुलं बापाच्या खांद्यावर, व्हीलचेअरवरचे म्हातारे मांडीवर ब्लँकेट घेऊन. माजी सैनिकांची रांग चालत आली तेव्हा टाळ्या सुरू झाल्या आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबल्या नाहीत. अकराला बिगुल, तोफ, आणि शांतता. हजारो माणसं आणि फक्त झेंड्याच्या दोरीचा खांबावर आपटण्याचा आवाज. मग बॅगपाइप, मुलांचं गाणं, वरून विमानं. पुष्पचक्र वाहणाऱ्यांत पहिल्या काही जणांत सिल्व्हर क्रॉस आई असते, दरवर्षी एक, सगळ्या आयांच्या वतीने.

कार्यक्रम संपला की खरी गोष्ट सुरू होते. लोक रांगेने समाधीपाशी जातात आणि आपल्या कोटावरची पॉपी काढून दगडावर ठेवतात. हे कुणी ठरवलेलं नाही, 2000 मध्ये समाधी झाली त्या वर्षी लोकांनीच सुरू केलं.

रांगेत आमच्या पुढे ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते, बेरेट टोपी, छातीवर चार मेडलं. बोलता बोलता त्यांनीच एकेक सांगितलं. निळ्या पट्ट्याचं युनोचं, सायप्रसचं. दहा कोनांचं ते सीडी, म्हणजे कॅनेडियन फोर्सेस डेकोरेशन, फौजेत बारा वर्षं चांगली नोकरी केली की मिळतं आणि पुढच्या दहा वर्षांना एक पट्टी. शिपाई असो की जनरल, तेच. मला हे आवडलं, शौर्याला पदक असतंच पण रोज सकाळी उठून वर्षानुवर्षं कामावर हजर राहण्यालाही आहे.

मी डबी उघडली. त्यांनी हातमोजा दातात धरून काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि इटली स्टारची रिबीन बघितल्याबरोबर म्हणाले, "माझे वडील ऑर्टोनाला होते." मग वॉर मेडल उचललं, कड उन्हाकडे फिरवली आणि एकेक अक्षर लावत आमच्या आजोबांचं नाव वाचलं. उच्चार चुकला, पण पूर्ण वाचलं. म्हणाले, "वडिलांचं हेच मेडल चांदीचं आहे, आमच्या सरकारने चांदीत काढलं. पण नाव नाही. आमच्या कुणाच्याच दुसऱ्या युद्धाच्या मेडलवर नाव नाही. ते एकदा विकलं गेलं की कुणाचं होतं कळणार नाही." भारतीय सैनिकांच्या मेडलांवर मात्र नाव घातलेलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. राजाची मेडलं म्हणून आम्ही जी बाजूला ठेवली त्यांच्यावर राजाच्या इतकंच आजोबांचंही नाव होतं.

मी त्यांना झेंड्याबद्दल विचारलं. 1965 च्या फेब्रुवारीत ते नवीन भरती होते, बराकीसमोर उभं करून जुना उतरवला आणि नवा चढवला. "आम्ही पोरं खूश होतो, आपलं काहीतरी नवीन. घरी फोन केला तर वडील बोलले नाहीत. त्यांनी रेड एन्साइन तळघरात घडी करून ठेवला. दरवर्षी आजच्या दिवशी बाहेर काढायचे, दिवाणखान्यात टांगायचे, रात्री परत घडी. आणि दारावर? दारावर नवाच. दोन्ही स्वतःच लावायचे." आता तो जुना झेंडा ह्यांच्या घरी आहे, आणि आजच्या दिवशी तेही लावतात.

त्यांनी मेडल परत दिलं आणि निघताना मला नाही, त्या उघड्या डबीला सॅल्यूट केला. भाऊ दुसरीकडे बघायला लागला.

टीप: सकाळी साडेनऊच्या आत पोचा, रस्ते बंद असतात, गाडी हॉटेललाच ठेवा. थर्मलचे दोन थर, जाड मोजे, आणि उभं राहायची तयारी. पॉपी देणगी देऊन घ्यायची, डावीकडे लावायची, पिन सैल असते म्हणून एखादी जास्तीची ठेवा. दुपारी वेस्ट ब्लॉकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये स्मृतिग्रंथ बघता येतात, मुख्य इमारतीचं मोठं काम चालू असल्याने ते सध्या तिथे ठेवलेत. युद्धात गेलेल्यांची नावं हातांनी लिहिलेली, रोज अकराला पान उलटतात, असं की प्रत्येक नाव वर्षातून एकदा तरी उघडं राहावं. नुसत्या पहिल्या महायुद्धाच्या ग्रंथात 66 हजारांवर नावं आहेत.

परतल्यावर

ज्यांच्या घरात अशी मेडलं आहेत त्यांनी आधी कड आणि स्टारची मागची बाजू भिंगाने बघा. पॉलिश करू नका, घासून अक्षरं जातात. नंबर मिळाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं, मराठाचं बेळगावला आहे, मी लिहिलंय. आणि युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर नावाने, गावाने शोधता येतात.

साताऱ्याला आल्यावर सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली. आईने ती देवघराच्या खोलीत लावायला सांगितली, आजोबांच्या फोटोखाली. पुढचा बेत इटलीचा आहे. ऑर्टोनाजवळ मोरो रिव्हरला कॅनेडियन सैनिकांची स्मशानभूमी आहे आणि दक्षिणेला सांग्रो रिव्हरला आपल्या पाचशेहून जास्त जवानांच्या नावांचं दहन-स्मारक. एकाच दिवसात दोन्ही होतं असं भावाने नकाशावर बघितलंय. डिसेंबरात जायचं म्हणतोय, चिखल असेल तेव्हाच.